धाकटीचं इंजिन

सगळे तिला ताई म्हणत. ज्यांच्या घरी ती पलंग पोचवायची ते, गॅरेजवाले, औषधांच्या दुकानातले, आणि तिचे वडील अण्णासुद्धा. धंदा अण्णांनीच सुरू केलेला. आजारी माणसाला घरी लागणाऱ्या वस्तू भाड्याने द्यायच्या: डोक्याकडून आणि पायाकडून वर होणारे लोखंडी पलंग, चाकांच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या. आणि हे सगळं घरोघर न्यायला एक डिझेलची पिकअप. ती घरात आली तेव्हा ताई कॉलेजात जात होती, म्हणून अण्णांनी गाडीचं नाव 'धाकटी' ठेवलं. "धाकटीला आंघोळ घातलीस का?" असं अण्णांनी विचारलं की घरी आलेला नवा माणूस इकडेतिकडे लहान मूल शोधायला लागायचा.

धाकटीच्या मागच्या बाजूला अण्णांनी एक लोखंडी फळी बसवून घेतली होती. हँडल फिरवलं की ती जमिनीला टेकायची, उलटं फिरवलं की वर यायची. पलंग असो की बसल्या माणसासकट खुर्ची, सगळं अलगद वर. पुढे अण्णांचे गुडघे गेले आणि ताईने बँकेतली नोकरी सोडून काम हातात घेतलं, तेव्हा या फळीमुळेच तिला एकटीला ते झेपलं. गाडी म्हातारी झाली होती, पण तिच्याशिवाय धंदा म्हणजे हात बांधून पोहणं.

त्या सकाळी ताई एका आजींसाठी पलंग घेऊन निघाली होती. आजी न्हाणीघरात पडल्या होत्या आणि दुपारी दवाखान्यातून घरी यायच्या होत्या. चढावर गाडीच्या पोटातून कुणी आत बसून हातोडा मारावा तसा आवाज यायला लागला. ताईने पाय उचलला, पण तोवर एक मोठा दणका बसला आणि धाकटी गप्प झाली. ताई खाली उतरून बघते तर काळं ऑइल उतारावरून निवांत खाली चाललेलं.

गाडीचं काय झालं हे तिला कळायला मिस्त्रीची गरज नव्हती. तिला घोर लागला तो पलंगाचा. ती रस्त्यात उभी राहून फोनमध्ये नंबर शोधत होती, तेवढ्यात कोपऱ्यावरचा न्हावी हातातला ब्रश घेऊनच बाहेर आला. काय झालं, कुठे जायचंय, एवढंच त्याने विचारलं. मग त्याने दुकानात हाक मारली. खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक उठून आलं, शेजारचा टायरवाला आला, समोरच्या इमारतीत रंग देणारे दोघे खाली उतरले. पलंग त्यांनी चढावरून आणि मग दोन जिने वर नेला. पुढचं टोक धरलेल्या गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावर साबणाचा फेस होता आणि गळ्यात न्हाव्याचं पांढरं कापड. दार उघडणाऱ्या सुनेने त्याच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता त्याला आधी टॉवेल आणून दिला.

आजी पोचायच्या आत पलंग लावून झाला. ताई परत खाली आली तर न्हाव्याचं काम पुन्हा सुरू झालं होतं. ती दारात उभी राहून काहीतरी पुटपुटली. तिच्या धंद्यात लोक तिचे आभार मानत. ते कसे स्वीकारायचे हे तिला नीट ठाऊक होतं. आपण मानायची वेळ आली तेव्हा मात्र तिची जीभ जड झाली. न्हाव्याने आरशातूनच मान हलवली आणि म्हणाला, "गाडीचं बघा आता."

गाडीचं मिस्त्रीने बघितलं. धाकटी घरात आली तेव्हापासून तिच्या अंगाला त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा पाना लागला नव्हता. तो गाडीखाली गेला, बराच वेळ आतच राहिला आणि बाहेर आला तेव्हा त्याने हात पुसायचीही घाई केली नाही.

"ताई, इंजिनाला खिडकी पडलीय," तो म्हणाला.

आतला एक दांडा तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला होता. भोकातून मूठ आत जात होती. हे दुरुस्त होण्यातलं नव्हतं. कंपनीने ते इंजिन बनवणं कधीच बंद केलं होतं. बाकी गाडी ठणठणीत होती, तेव्हा कुठे जुनं पण धड इंजिन मिळालं तर बसवून देईन, शोधायलाही बरोबर येईन, पण फार आशा लावून बसू नका, असं त्याने तिला सरळ सांगितलं.

अण्णांना हे कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत ताई घरी गेली. अण्णांनी ऐकून घेतलं, ताटातली भाजी संपवली आणि म्हणाले, भंगारात देऊन टाक. एवढंच. जणू फुटकी बादली टाकायची होती. ताईला ते लागलं. ज्या माणसाने गाडीला मुलीसारखं वाढवलं त्याच्या तोंडून हे यावं, याचा तिला अर्थच लागेना.

तिने मात्र शोध सुरू केला. शहराबाहेर जुन्या गाड्या मोडणाऱ्यांची रांग होती. दरवाजांचे ढीग, काचांचे ढीग, मधून चालायला जेमतेम वाट. पहिल्या ठिकाणी हवं ते इंजिन एका ढिगाच्या तळाशी निघालं. मिस्त्रीने पाना लावून फिरवायचा प्रयत्न केला, मग दोघांनी मिळून जोर लावला. इंजिन तसूभर हललं नाही. आतून गंजून जाम झालं होतं.

दुसऱ्या ठिकाणी इंजिनाला नवाकोरा चंदेरी रंग दिलेला. तिथला दुकानदार त्याच्या तब्येतीचं एवढं कौतुक करत होता की सोयरीक जुळवायला आल्यासारखं वाटावं. मिस्त्रीने ऐकून घेतलं. मग ऑइलचं झाकण उघडलं, आत बोट फिरवलं आणि बोट दुकानदारासमोर धरलं. ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा होता, म्हणजे आत पाणी शिरलेलं. दुकानदार हसला, डोकं खाजवलं, आणि त्याने दोघांना बसायला खुर्च्या दिल्या. नंतर मात्र त्याने जे केलं ते ताईने पुढे कितीतरी जणांना सांगितलं. काम कशाचं आहे, गाडीतून काय नेतात, हे विचारून झाल्यावर त्याने आपलं गिऱ्हाईक ताटकळत ठेवून ओळखीच्या सगळ्या दुकानदारांना एकामागोमाग एक फोन लावले. त्याच्या आईलाही असाच एक पलंग लागला होता म्हणे. कुणाकडेच इंजिन नव्हतं, पण तो उन्हात उभा राहून दुसऱ्याच्या कामासाठी अजिजी करत होता, आणि ते ताईला विसरता येईना.

तोवर काम अडत होतं. शेजाऱ्यांच्या मोटारीच्या टपावर खुर्च्या बांधून ती पोचवत होती, पलंगांसाठी टेंपो सांगत होती. टेंपोला फळी नव्हती. प्रत्येक घरी चार माणसं गोळा करावी लागत आणि नेमकी आजारी माणसांच्या घरात माणसं थकलेली असत. पण कुणी कुरकूर केली नाही. एका घरातल्या काकूंनी तर, गाडी बरी झाली का, असं चौकशीचा फोन करून विचारलं.

एका संध्याकाळी ताई सामान ठेवायच्या कोठीत आली तेव्हा अण्णा स्टुलावर बसून एका खुर्चीच्या चाकांना तेल देत होते. ती समोरच्या दुसऱ्या खुर्चीत बसली. तिचे पाय दुखत होते.

"ताई, खरं सांग," अण्णा मान वर न करता म्हणाले. "गाडी बंद पडली ते बरंच झालं, असं तुला वाटत नाही?"

"असं का वाटेल?"

"तू माझ्या गुडघ्यांपायी यात पडलीस. पंख्याखालची नोकरी सोडून लोकांचे पलंग ओढायला लागलीस. मला ते अजून सलतं. मी आपणहून धंदा बंद कर म्हटलं असतं तर तू ऐकलं नसतंस. म्हटलं, गाडीच गेली तर तुझी सुटका होईल."

भंगारात देऊन टाक, याचा अर्थ ताईला आत्ता कळला. चाकाचा बारीक आवाज तेवढा येत होता.

"बँकेत माझी कुणी वाट बघत नव्हतं, अण्णा," ती मग म्हणाली. "पलंग घेऊन गेले की अख्खं घर दारात उभं असतं. परत आणायला जाते तेव्हा कधी तेच माणूस चालत येऊन दार उघडतं. कधी पलंग नुसताच रिकामा असतो. पण दोन्ही वेळा मला आत बसवतात, पाणी देतात, बोलतात. मी तुमच्यासाठी आले, खरंय. राहिले ती मात्र माझी मी."

अण्णांनी चाक फिरवून बघितलं. ते न कुरकुरता फिरलं. "मग मला आधी सांगायचंस," ते म्हणाले. "मी उगाच धाकटीला वाईट बोललो."

दुसऱ्या दिवसापासून अण्णाच कामाला लागले. दारात येईल त्याला ते इंजिनाबद्दल विचारू लागले. दूधवाला, टपाल आणणारा, चुकीच्या पत्त्यावर आलेला माणूस, कुणालाही सोडलं नाही. ताईला हसू यायचं. पण एका सकाळी पाय मोडून बरा झालेला एक माणूस वॉकर परत करायला आला. वॉकर खांद्यावर टाकून, स्वतःच्या पायांनी, मुद्दाम चालत. त्यालाही अण्णांनी विचारलं. तो गृहस्थ तंत्रशाळेच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करून निवृत्त झाला होता. गाडीचा प्रकार ऐकून त्याने खांद्यावरचा वॉकर खाली ठेवला.

"हे इंजिन मी पुसलंय," तो म्हणाला. "कित्येकदा. मुलांना शिकवायला स्टँडवर ठेवलेलं असायचं. अजून आहे की नाही, सांगता येत नाही."

ताई आणि मिस्त्री त्याच दिवशी तंत्रशाळेत गेले. लांबलचक शेड, रॉकेलचा वास, पत्र्याच्या ट्रेमध्ये ओळीने मांडलेले सुटे भाग. आणि मधोमध, हिरव्या स्टँडवर, धाकटीचं इंजिन. म्हणजे तिचं नव्हे, पण हुबेहूब तेच. मिस्त्रीने टोपी काढली.

तिथे शिकवणाऱ्या बाई करड्या कोटात होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. कंपनीने हे इंजिन शाळेला नवंकोरं भेट दिलं होतं, असं त्यांनी सांगितलं. दर वर्षी मुलं ते उघडतात, भाग मांडतात, पुन्हा जोडतात. त्याच्या पोटात डिझेलचा थेंब गेलेला नाही आणि ते रस्त्यावर कधी आलेलं नाही. बाई स्वतः दर सुट्टीच्या आधी त्याला तेल लावून झाकून ठेवत.

पण ते द्यायचं म्हणताच त्यांचा चेहरा बदलला. वस्तू संस्थेची, विकायची सोय नाही, आणि मुलांची परीक्षा याच इंजिनावर. त्या सौम्यपणे पण ठाम बोलल्या. ताईला त्यांचं म्हणणं पटलं, त्यामुळे वाद घालायलाही जागा उरली नाही. तिने नमस्कार केला आणि दोघं वळले.

"तुमचं गेलं कशाने?" बाईंनी मागून सहज विचारलं.

मिस्त्रीने सांगितलं. खिडकीचं सांगितलं, आणि ती केवढी आहे ते मूठ वळून दाखवलं.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुटलेला दांडा आतच आहे अजून? फेकला नाहीत ना?"

फेकला नव्हता. मग त्या दोघांना बसायला सांगून बोलू लागल्या. मुलं वर्षानुवर्षं धडधाकट इंजिन उघडतात आणि धडधाकट भाग बघतात. काय कुठे बसतं ते शिकतात, पण दुर्लक्ष केलं की काय होतं ते त्यांना कधी दिसत नाही. मोडलेलं इंजिन समोर ठेवलं तर मुलं आपणहून प्रश्न विचारतील. "मला तुमचं द्या," बाई म्हणाल्या, "आणि हे घेऊन जा. मी विचारते वर."

वर म्हणजे प्राचार्यांकडे. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, खिडकीबाहेर बघत बराच विचार केला, आणि निकाल दिला की संस्थेकडे आज एक इंजिन आहे आणि उद्याही एकच राहणार असेल, तर हरकत घ्यायची कशाला ते त्यांना समजत नाही.

बाईंची अट एकच होती. शेवटची जोडणी मुलं करतील आणि तीच त्यांची परीक्षा. मिस्त्रीच्या कपाळावर आठ्या पडल्या. शिकाऊ मुलांच्या हातचं इंजिन गाडीत घालायचं हे त्याला पचेना. बाईंनी त्याला विचारलं, तुम्ही जन्मतःच शिकलेले होतात का? जोडणीला मी स्वतः हजर राहीन, एवढंच तो म्हणाला.

उघडल्यावर त्या इंजिनाच्या खोडी दिसल्या. इतक्या हातांनी इतक्यांदा बोल्ट आवळले होते की दोन ठिकाणचे आटे झिजून गेले होते. वॉकरवाला लेथमास्तर बोलावल्याबरोबर आला आणि त्याने ती दोन भोकं नव्या आट्यांची करून दिली. मजुरीचं नाव काढताच त्याने ताईकडे असं बघितलं की तिने विषय बदलला. इंजिनाचा डिझेलपंप कुठल्याशा जुन्या तुकडीच्या काळात हरवला होता. धाकटीचा पंप धड होता, तो काढून बसवला. रिंगा, बेअरिंगं, पॅकिंग नवीन आणलं. मिस्त्री पहिल्यांदा हाताची घडी घालून उभा राहिला. थोड्या वेळाने ती घडी सुटली. मग तो खाली उकिडवा बसला, आणि ताई दुपारी डबा घेऊन गेली तेव्हा तो मुलांना, रिंगेचं तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं आणि का, हे स्वतःच्या बोटातली अंगठी काढून समजावून देत होता. बाई मागे उभ्या राहून ऐकत होत्या.

धाकटीला दोरखंडाने ओढत शाळेच्या आवारात आणलं होतं. साखळीने उचलून इंजिन तिच्यात उतरवलं तेव्हा शेजारच्या वर्गांतली मुलंही खिडक्यांत जमली. अण्णा काठी टेकत आले होते. ताईने किल्ली फिरवली. घरघर झाली, पुढे काही नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. तुकडीतल्या मुलांचे चेहरे उतरले. कुणीतरी हळूच दुसऱ्याला विचारलं, तू तो नट आवळला होतास ना?

त्याच क्षणी मिस्त्री आणि बाई दोघांचे हात एकाच नटावर गेले. डिझेलच्या पाइपात हवा अडकली होती. मिस्त्रीने हात मागे घेतला आणि बाईंना पुढे केलं. त्यांनी नट सैल केला, एका मुलीने हाताने पंप मारला, फेसाळ डिझेल आलं, मग स्वच्छ धार. नट आवळला.

ताईने पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं, पांढरा धूर सोडला, आणि चालू झालं. आधी अडखळत, मग एका लयीत. मुलांनी केलेला गलका त्या आवाजात बुडून गेला. अण्णांनी बॉनेटवर तळहात ठेवला होता आणि ते काहीतरी पुटपुटत होते. बहुतेक धाकटीची माफी मागत असावेत.

ताईने चार ओळी पाठ करून आणल्या होत्या. घरी आरशासमोर म्हणूनही बघितल्या होत्या. आत्ता त्यातली एकही आठवेना. ती गाडीतून उतरली आणि एकेकाकडे गेली. प्रत्येक मुलाचा, प्रत्येक मुलीचा काळाकुट्ट हात तिने दोन्ही हातांत घेतला, लेथमास्तरचा घेतला, मिस्त्रीचा घेतला. मिस्त्रीने इतक्या वर्षांत तिच्याकडून कधी असं काही घेतलं नव्हतं. तो लाजून दुसरीकडे बघू लागला. बाईंपाशी आल्यावर तिला एवढंच म्हणता आलं, "तुम्ही माझं सगळं परत दिलंत."

"चालवून तर बघा आधी," बाई म्हणाल्या.

मैदानात फेरी मारायचं ठरलं. मुलं मागे चढली. पुढची जागा अण्णांची असं सगळे धरून चालले होते. पण अण्णांनी ती बाईंना दिली आणि स्वतः, गुडघ्यांची पर्वा न करता, मुलांना खांदा मागून मागे जाऊन बसले.

धाकटी सावकाश निघाली. मागे गोंधळ चालला होता, पुढे बाई एक शब्द बोलत नव्हत्या. मान किंचित कलती, डोळे मिटलेले. वळणावर ताईने गियर बदलला तेव्हा आवाज बदलला आणि बाईंनी डोळे उघडले.

"मी याचा एकेक स्क्रू ओळखते," त्या म्हणाल्या. "आवाज मात्र आज ऐकला."

ताईने पाय थोडा दाबला, म्हणजे त्यांना नीट ऐकू यावा. फेरी पूर्ण झाली, पण शेडसमोर तिने गाडी थांबवली नाही. बाईंनीही थांबा म्हटलं नाही. पुढच्या फेरीला वर्कशॉपमधले शिपाई दारात येऊन उभे राहिले. त्याच्या पुढच्या फेरीला प्राचार्य खाली आले. त्यांनी हात दाखवला तशी ताई घाबरली आणि तिने करकचून ब्रेक दाबला. आता हा माणूस नियम काढणार, असं तिला वाटलं.

प्राचार्य गाडीच्या मागच्या बाजूला गेले. मुलं एकदम चिडीचूप झाली. त्यांनी आत डोकावून बघितलं, कोटाची बटणं काढली आणि विचारलं, मागे अजून एकाला जागा होईल का.

अण्णांनी सरकून जागा केली आणि त्यांना हात दिला.